ताडपत्री

६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पोचले. हाडं शाबूत, बॅग शाबूत, चष्मा तुझ्या दुकानातला असल्यामुळे तोही शाबूत. सहलीतली मंडळी काल परत गेली. निघताना सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना उन्हाचा त्रास झालाय. अठ्ठावन्न वर्षांची निवृत्त पीटीची शिक्षिका सहल संपल्यावर परदेशात मागे राहते, आणि कशासाठी, तर गाढवांसाठी! बोलणार तरी काय बिचारे.

अपघातापासून तुझ्या कानाशी फोन धरला की भुंगा सुरू होतो, आणि इथे रेंज हवी तर टेकडी चढावी लागते. तेव्हा दोन महिने पत्रंच. उत्तर लगेच टाकायचं, आळस चालणार नाही.

तर हे केंद्र. कामातून गेलेली, टाकून दिलेली, मार खाल्लेली जनावरं इथे आणतात आणि मरेपर्यंत सांभाळतात. सहा घोडे आणि त्रेचाळीस गाढवं. बहुतेक वीटभट्टीवरची. सकाळी सहाला ढकलगाडी घेऊन लीद उचलायची, मग पाण्याच्या टाक्या घासायच्या, मग एकेकाचा पाय उचलून खुरातली माती आकड्याने काढायची. पहिल्या दिवशी मी उत्साहाने शिट्टी फुंकली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस चौफेर उधळली. गोळा करता करता दुपार झाली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी नुसता हात पुढे केला. शिट्टी आता त्यांच्या खणात आहे. सत्तावीस वर्षांत मुख्याध्यापकांची हे करायची छाती झाली नव्हती.

इथला मुख्य नियम म्हणजे जोडी तोडायची नाही. गाढवांची एकेकाशी जोडी जमते आणि जमली की जन्माची. एकाचे दात तपासायला न्यायचे असले तर दुसऱ्यालाही न्यायचं, त्याला काही झालेलं नसलं तरी. तो नुसता दाराशी उभा राहतो. माझ्या वाट्याला एक म्हातारी जोडी आली आहे. ती कायम कान ताठ करून उभी, म्हणून तिचं नाव मी सावधान ठेवलं. तो सदा मागचा एक पाय सैल सोडून उभा, म्हणून विश्राम. दोघांनी अकरा वर्षं एकाच भट्टीवर शेजारी शेजारी विटा वाहिल्या म्हणे.

तू नीट जेवतेस ना? दुकान किती वेळ उघडं ठेवतेस? खरं लिही.

तुझी,
शिट्टी


१९ फेब्रुवारी

प्रिय शिट्टीबाई,

सत्तावीस वर्षं पोरांना मैदानावर गाढव गाढव म्हणालीस, आता खऱ्यांची सेवा करून फेड. मला तर यात न्यायच दिसतो. त्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग. तुझी शिट्टी काढून घेणारं माणूस जन्माला आलंय हे कळून फार बरं वाटलं.

जेवते. पायातला रॉड थंडीत कुरकुरतो, पण काठीने दुकानापर्यंत जाते. दहा ते एक, पाच ते आठ. चौकटी बसवणं, स्क्रू आवळणं, नाकाच्या पट्ट्या बदलणं हे माझं काम तेव्हाही होतं, आताही आहे. काचा घासायचं यंत्र मात्र झाकलेलंच आहे.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. परवा ग्रंथपाल आले. जवळचं वाचायचा चष्मा हवा म्हणाले. मी नंबर लिहून घेतला, चौकट ट्रेमध्ये ठेवली, वर चिठ्ठी लावली आणि म्हटलं, "हे जरा बाहेर गेलेत. गुरुवारी या." ते "बरं" म्हणाले. असे सात ट्रे झालेत. सगळ्या गावाला ठाऊक आहे, शिट्टे. तरी कुणी काही म्हणत नाही. "बरं" म्हणतात आणि गुरुवारी पुन्हा येतात, आणि मी पुन्हा पुढचा गुरुवार सांगते.

मी वेडी झालेली नाही. हे गेले, हे मला ठाऊक आहे. कागदांवर सह्या मीच केल्या. पण ठाऊक असणं निराळं आणि आत उतरणं निराळं. माझ्या हिशेबी आम्ही भाड्याच्या गाडीत बसलो होतो, ह्यांनी खिशातून पेपरमिंट काढून दिली, काहीतरी हसलो, आणि मग एकदम छतावरची ट्यूबलाइट आणि तुझा सुजलेला चेहरा. मधे काही नाहीच. गाडीतून उतरून हे कुठेतरी गेले आणि अजून आले नाहीत, एवढंच मला कळतं.

एकदा जरी बघायला मिळालं असतं. पण चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता म्हणालीस, आणि डॉक्टरांनीही मी शुद्धीवर येईपर्यंत थांबू दिलं नाही. दोष कुणाला द्यायचा? तुझं तर तेव्हा काय झालं असेल, एकटीच होतीस.

विश्रामचा पाय दुखत तर नाही ना, सैल सोडतो तो? विचार त्यांना.

तुझी,
वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते आहे. तुझं म्हणणं बरोबर निघालं, विश्रामच्या त्या पायाच्या सांध्यात जुनं दुखणं आहे. वर आता पोटातही कळा येतायत. दिवसातून चार वेळा त्याला चालवावं लागतं. मी दोर धरून पुढे, तो मधे, मागून सावधान. आमची प्रभातफेरी बघायला बाकीची गाढवं कुंपणाशी जमतात.

तू दुकान महिनाभर बंद ठेव. ऐक माझं. ते सात ट्रे बाजूच्या गावातल्या चष्मेवाल्याकडे पाठवून दे आणि मोकळी हो. दूध पीत जा. पायाचे व्यायाम दिवसातून तीनदा, मी कागदावर चित्रं काढून दिली आहेत तसे.

थंडी कमी झाली का तिकडे?

तुझी,
शिट्टी


१४ मार्च

प्रिय शिट्टीबाई,

पत्र पोचलं. दूध पिते. व्यायाम एकदा करते, तीनदा केला असं समज.

तुला चाळीस वर्षं ओळखते मी. लग्न होऊन आले तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस. लपवायचं काही असलं की तू हुकूम सोडायला लागतेस. मागच्या पत्रात मी एवढं लिहिलं आणि तू मला थंडीचं विचारतेस! काय झालंय? तब्येत तर ठीक आहे ना तुझी?

ट्रे कुठेही पाठवणार नाही. ते ह्यांचं काम आहे.

आणखी एक सांगते, रागावू नकोस. मंगळवारी बाजारात ह्यांच्यासारखाच एक माणूस पुढे चालला होता. उजवा खांदा किंचित खाली, तसाच. मी हाक मारली नाही, नुसती मागे गेले. काठी टेकत टेकत दोन गल्ल्या. मग तो एका दुकानात शिरायला वळला. पंचविशीतला मुलगा होता गं. मी तिथेच पायरीवर बसले. घरी कशी आले ते आठवत नाही. मला माझीच भीती वाटायला लागली आहे.

विश्रामला सांभाळ.

तुझी,
वहिनी


२७ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र बसून वाच. दुकानात वाचू नकोस.

विश्राम गेला. परवा सकाळी मी ढकलगाडी घेऊन गेले तर तो गोठ्याच्या मागच्या अंगाला आडवा होता. रात्रीत कधीतरी गेला असावा. सावधान पाणी प्यायला पुढच्या बाजूला गेली होती, तिला अजून कळलं नव्हतं. वहिनी, मी काय केलं सांगते. मी धावत जाऊन वैरणीवरची निळी ताडपत्री ओढून आणली, त्याला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं, कडांवर विटा ठेवल्या. मग सावधानला दोर लावला आणि ओढत पलीकडच्या कुंपणात नेऊन बंद केली. ती पाय रोवून उभी राहत होती, मी ओढत होते. तोंडाने म्हणत होते, "नको बघूस, तुला सोसायचं नाही." हे सगळं पाच मिनिटांत उरकलं. मला वाटलं, चला, वेळेवर सुचलं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विटा काढल्या. ताडपत्री काढली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग स्वतः जाऊन सावधानला परत घेऊन आल्या आणि दोर सोडून दिला.

सावधानने त्याला आधी लांबून हुंगलं. मग जवळ आली. नाकाने मानेला ढोसलं, पुढच्या खुराने पाठीवर हलकेच मारलं, ऊठ म्हटल्यासारखं. तोंड वर करून ओरडली, वहिनी, तो आवाज मला सांगता येणार नाही. मग नुसती उभी राहिली. त्याच्या अंगावर मान टाकून, कान पाडून. तिचे कान पडलेले मी पहिल्यांदा पाहिले. आम्ही कुणी जवळ गेलो नाही. दुपारी दोनच्या सुमाराला ती आपली आपण वळली, पाण्याशी गेली, पाणी प्यायली आणि चरायला लागली. मग त्याला उचललं.

डॉक्टरीणबाईंची भाषा मला मोडकी येते, त्यांना माझी त्याहून मोडकी. पण त्यांनी सांगितलं ते नीट कळलं. पूर्वी त्याही मेलेलं जनावर पहाटेच हलवायच्या, दुसऱ्याला दिसू नये म्हणून. मग मागे राहिलेलं दिवसेंदिवस कुंपणाच्या कडेने फिरायचं, प्रत्येक फाटकाशी थांबायचं, हाका मारायचं, खाणं सोडायचं. दोन तर त्यातच गेली. "त्यांना दुःख होतं म्हणून नाही," त्या म्हणाल्या, "त्यांना कळलेलंच नसतं म्हणून. ती शोधत राहतात."

मी ताडपत्री हातात घेऊन उभी होते आणि डोळ्यांपुढे तुझे सात ट्रे होते. तेव्हा तू बाजारात त्या मुलामागे गेल्याचं पत्र अजून आलं नव्हतं. ते काल आलं.

आता ऐक. डॉक्टरांनी थांबू दिलं नाही, हे खरं नाही. डॉक्टर म्हणाले होते, तुझी शुद्ध दोन दिवसांतही येईल, आठवडाही लागेल. शवागारातल्या कारकुनाने मला विचारलं, "किती दिवस ठेवायचं?" सोय होती, वहिनी. मी म्हणाले, "ठेवायचं नाही." कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता सगळं उरकलं. तू त्याच्या दुसऱ्या सकाळी नऊला डोळे उघडलेस. सतरा तास. मी रोज मोजते.

आणि दादाचा चेहरा बघण्यासारखा नव्हता, हेही खोटं. तू हट्ट धरू नयेस म्हणून सांगितलं. त्याचा चेहरा चांगला होता.

वर्षभर मी स्वतःला सांगत आले की तुझ्या भल्यासाठी केलं. तसं नाही. त्याला बघताना तुझा चेहरा कसा होईल, ते मला बघवलं नसतं. मला माझंच सोसलं नसतं. मग तू लोकांना गुरुवार सांगायला लागलीस आणि तेही बघवेना, म्हणून मी सहलीचं नाव काढून पळून आले. गाढवांचा कळवळा वगैरे काही नव्हता.

माफी मागायची सोय नाही, तरी मागते.

शिट्टी


१८ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र नाही. रोज फाटकाशी जाऊन टपालाची पेटी बघते.

काल वर्ष झालं. मी तिथे नव्हते. असायला हवं होतं की नको होतं, तेही कळत नाही. परतीचं तिकीट पुढे ढकललं आहे. तू ये म्हणाल्याशिवाय कुठल्या तोंडाने येऊ?

शिव्या घाल, पण लिही.

शिट्टी


१ मे

शिट्टे,

शिव्याच लिहिल्या होत्या. तीन पत्रं लिहिली आणि तीनही फाडली. चौथं हे.

तुझं पत्र वाचलं आणि पहिले आठ दिवस माझ्या डोक्यात एकच होतं, की तू समोर असतीस तर काठी तुझ्या पाठीत घातली असती. सतरा तास! एका रात्रीचा प्रश्न होता गं. आणि तो चेहरा! वर्षभर डोळे मिटले की मी ह्यांच्या चेहऱ्याच्या जागी काय काय बघितलंय, तुला कल्पना नाही. तू माझं भलं केलंस म्हणून मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते. कुणी दिला तुला हा अधिकार? मैदानावर पोरांना उजवीकडे वळ, डावीकडे वळ म्हणत आयुष्य गेलं तुझं, सगळी माणसं तशीच वाटतात तुला.

राग अजून आहे. तो गेला की कळवीन.

पण तू खरं सांगितलंस, म्हणून मीही एक सांगते. पेपरमिंट, हसणं, ते सगळं मी रचलेलं आहे. त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. दुकानाची मागची खिडकी उघडी राहिली की नाही यावरून. हे म्हणाले तू विसरलीस, मी म्हटलं तुम्ही. एवढंच. मी रुसले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. हे दोनदा काहीतरी बोलले, मी उत्तर दिलं नाही. बाहेर विजेचे खांब जात होते, ते मोजत होते. ते शेवटचं. त्यापुढे काही आठवत नाही. म्हणजे हे गेले तेव्हा मी ह्यांच्याकडे पाठ करून बसले होते. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात शेवटची माझी पाठ दिसली ह्यांना. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटतं, म्हणूनच मी ह्यांना परत बोलावत राहते. एकदा तोंड वळवायचं राहिलंय.

तुला माफी हवी आहे ना? मग एक काम कर. तू ह्यांना बघितलंस. तूच पुसलंस, कपडे चढवलेस, एवढं मला माहीत आहे. मला सगळं लिही. डोक्यापासून पायापर्यंत. काही गाळायचं नाही, काही गोड करायचं नाही, माझ्या तब्येतीचा विचार करायचा नाही. त्या ताडपत्रीची घडी घाल आणि बाजूला हो.

वहिनी


१२ मे

प्रिय वहिनी,

लिहिते. गाळत नाही.

लांबट खोली होती, पांढऱ्या फरश्यांची, खिडकी नाही. पंखा चालू होता. दादा स्टीलच्या टेबलावर होता, अंगावर हिरवी चादर. तिथल्या सेवकाने विचारलं, "मी करू का?" मी म्हटलं, "मी करते, तुम्ही पाणी आणा." त्याने कोमट पाणी आणलं, मी मागितलं नसताना. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

केस विस्कटलेले होते, मागे थोडं रक्त वाळलेलं. ते निघायला वेळ लागला. मार तिथेच लागला होता, मानेपाशी. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले, कळलंही नसेल. डाव्या भुवईवर एक चीर होती, अर्ध्या बोटाची. चेहऱ्यावर एवढंच. दाढी केलेली नव्हती, पांढरे खुंट आले होते. तुम्ही पहाटे निघाला होतात ना. तोंड थोडं उघडं होतं, मी हनुवटीखाली हात धरून बसले तेव्हा मिटलं. नाकावर चष्म्याचे ते दोन खड्डे होते, तसेच, गुलाबी. चष्मा नव्हता तर चेहरा लहान मुलासारखा दिसत होता. मी लहानपणी त्याला तसा बघितलेला आहे, तोच.

उजव्या अंगठ्याला काचा घासून घासून पडलेला घट्टा. त्यावरून मी बोट फिरवलं. खिशात चष्मे पुसायचं पिवळं फडकं होतं. ते तुझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, पाकिटात. तुला दिलं नाही, तेही सांगून टाकते. छातीवर गाडीच्या पट्ट्याचा काळानिळा वळ. पोट, पाय ठीक. डाव्या पायाच्या करंगळीचं नख वाढलेलं होतं. मी सेवकाकडून कात्री मागून कापलं. कशाला, माहीत नाही.

आता एक गोष्ट उरली, जी मी कुणाला दाखवली नव्हती. तूच गाळायचं नाही म्हणालीस, म्हणून लिहिते. डाव्या हाताला, मनगटाच्या थोडं वर, चार खोल खुणा होत्या. चंद्रकोरीसारख्या, एकापुढे एक, कातडी फाटून रक्त आलेलं. आणि आतल्या बाजूला एक, पाचवी. भोवती सगळं निळं. गाडीतून ओढून काढणाऱ्या लोकांनी केलं असेल, असं मला वाटलं. इतका राग आला त्यांचा, की मेलेल्या माणसालाही धड उचलता येत नाही! म्हणून मी पूर्ण बाहीचा सदरा घातला त्याला, तो फिकट निळा. डाव्या हाताची बाही खाली ओढली, बटण लावलं, आणि तो हात उजव्याच्या खाली ठेवला. कुणाला दिसू नये म्हणून.

मग केस विंचरले. उजवीकडून भांग, तसाच. कपाळावर हात ठेवला. थंड होता. तिथे मी दादाला हाक मारली, त्याने ओ दिली नाही. तो झोपल्यासारखा दिसत नव्हता, वहिनी. सगळे म्हणतात तसं, पण नाही. तो मेलेला दिसत होता. शांत होता, पण मेलेला.

एवढंच. आता मी बाजूला झाले.

शिट्टी


२६ मे

प्रिय शिट्टीबाई,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. दुकानात फोडलं नाही. घरी आले, दार लावलं, पलंगावर बसून वाचलं. एकेक ओळ झाली की थांबत होते. केसांपाशी थांबले, हनुवटीपाशी थांबले. करंगळीच्या नखापाशी हसू आलं. महिनाभर सांगत होते मी ह्यांना, मोजे फाटतायत तुमच्या नखाने! मग रडायला आलं. वर्षात इतकं रडले नव्हते. घशातून कसला आवाज निघत होता, माझा मलाच ओळखू येईना. शेजारीण दार वाजवून गेली. मी उघडलं नाही. ऊन पायापासून भिंतीवर गेलं आणि भिंतीवरून निघून गेलं, तेव्हा उठले. कडकडून भूक लागली होती.

शनिवारी ग्रंथपाल आले. मी त्यांना म्हटलं, "हे वारले. तुमची काच बाहेरून करून आणते, दहा दिवस लागतील." ते "बरं" म्हणाले. मग काउंटरपाशी उभे राहून त्यांनी रुमाल काढला आणि डोळे पुसले. त्यांचंही रडायचं वर्षभर राहिलंच होतं.

तू थांबायला हवं होतंस, हे माझं मत कायम आहे. त्यात सूट नाही. पण तू ह्यांचं नख कापलंस. दुसऱ्या कुणी कापलं नसतं.

आता नीट वाच. गाडीतून काढणाऱ्या लोकांना उगाच बोल लावलास. मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. इस्पितळात शुद्धीवर आले तेव्हा माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मुळापासून तुटलेलं होतं आणि बाकीच्या नखांत काळं साचलं होतं. परिचारिका म्हणाली, अपघातात होतं असं. तिने सगळी नखं कापून हात धुऊन टाकला. मी पुन्हा त्याचा विचार केला नाही.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी माझाच डावा हात माझ्या उजव्या हाताने धरून बघितला. मनगटाच्या थोडं वर. चार बोटं एका बाजूला, एकापुढे एक. अंगठा आतल्या बाजूला, पाचवा. दाबून ठेवला आणि सोडला. शिट्टे, त्या खुणा माझ्या आहेत. मी वळले होते गं. मला आठवत नाही, आता आठवणारही नाही, पण माझ्या हाताला ठाऊक होतं. ह्यांना शेवटी माझी पाठ दिसली नाही. रुसले होते, तरी वेळ आली तेव्हा मी ह्यांनाच धरलं होतं.

आणि तू ते बटण लावून झाकून ठेवलंस, वेडे!

ये आता. तिकीट काढ आणि ये. किती घट्ट धरलं होतं ते तुझ्याच हातावर दाखवते. नखं वाढवायला घेतली आहेत.

तुझी,
वहिनी